ब्लोअर मारूनही पीसी पुन्हा पुन्हा तापतोय? सिगारेटच्या धुराचं किटण असं काढा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. पीसी तापतो, पंखे घोंघावत राहतात, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की थोड्या वेळात सगळं रखडायला लागतं आणि एखाद्या दिवशी मशीन आपसूक बंदच पडतं. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला की बरं चालतं. दोन-तीन महिने जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. परत ब्लोअर. या खेपेला आराम जेमतेम महिनाभर टिकतो. मग कोणी सांगतं प्रोसेसर गेला, कोणी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला लावतं, कोणी विंडोज नव्याने टाकून बघायला सांगतं.

त्या खोलीत कोणी सिगारेट ओढत असेल, तर यातलं काहीही करण्याआधी एवढं लक्षात घ्या. ब्लोअरने उडते ती सुटी धूळ. तिला धरून ठेवणारा मेणचट थर पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) तसाच राहतो, आणि कोऱ्या धातूपेक्षा अशा चिकट थरावर नवी धूळ कितीतरी लवकर बसते. दर वेळी आराम कमी होत जातो तो यामुळे. हा थर विरघळवून पुसूनच काढावा लागतो.

धुराचाच थर आहे का, हे आधी ठरवा

यासाठी काही मोजायला नको. पीसी बंद करा, वायर काढा, पुढच्या पंख्याचं एक पातं बोटाने धरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा इअरबड त्याच्या कडेवरून फिरवा. या अल्कोहोलला पुढे सगळीकडे आयपीए म्हणतो, दुकानातही त्याच नावाने मिळतं. इअरबड करडा, कोरडा निघाला तर साधी धूळ आहे. तुमचं दुखणं दुसरीकडे असू शकतं. पिवळा ते तपकिरी निघाला आणि नाकाजवळ नेल्यावर शिळ्या सिगारेटचा वास आला, तर शंकाच नको. स्वयंपाकघरालगतच्या पीसीतही पिवळसर चिकटा सापडतो, पण तो बोटाला तेलकट लागतो आणि त्याला तंबाखूचा वास नसतो. मेणबत्तीची किंवा दिव्याची काजळी काळी असते. ई-सिगारेटच्या वाफेचा थर वेगळाच: जवळजवळ रंगहीन, ओलसर, बोटाला बुळबुळीत. त्यात प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन असतं, दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. तो थर पाण्याने सुद्धा सुटतो. सिगारेटच्या थरात डांबरासारखा भाग असतो आणि तो नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

आता तापमानाकडे. सेन्सर दाखवणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर चालेल. पीसी रिकामा असताना प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचा वेग लिहून ठेवा, मग दहा-पंधरा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाका. आकडा किती झाला यापेक्षा तो कसा चढला हे जास्त बोलकं असतं. भार टाकल्यावर काही सेकंदांतच तापमान थेट नव्वदीपार उडी मारत असेल, तर दोष बहुधा कूलर (प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा) नीट न बसल्याचा किंवा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधे उष्णता वाहून न्यायला लावलेल्या लेपाचा, म्हणजे थर्मल पेस्टचा. तेच तापमान पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत गेलं आणि पंखे पूर्ण वेगात असूनही खाली येईना, तर हीटसिंकमधून हवा पार होत नाहीये. धुराच्या पीसीत हा दुसरा प्रकार दिसतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरना १०० अंश सेल्सिअसची मर्यादा असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरना ९५ ची. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मशीन रखडतं ते त्यामुळे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत, एकदा डोकवा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली म्हणून एसएमपीएस गेला असं समजू नका. मशीन रीतसर बंद झालं नाही, एवढाच तिचा अर्थ. कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ ही नोंद जास्त उपयोगाची: प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) कमी केल्याचं ती सांगते. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

आत नेमकं काय झालेलं असतं

सिगारेटच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. कॅबिनेटच्या तोंडाशी जी नायलॉनची जाळी असते तिची छिद्रं त्याच्या शेकडो पट मोठी. त्यामुळे ‘आमच्या कॅबिनेटला डस्ट फिल्टर आहे’ या वाक्याला धुराच्या बाबतीत अर्थ नाही. त्यातून हे कण कोरडे नसतात. डांबर, निकोटिन आणि इतर हजारो रसायनांचे ते बारीक थेंब असतात आणि जिथे टेकतील तिथे चिकटतात. निकोटिन मुळात रंगहीन असतं, हवा लागून तपकिरी होत जातं. म्हणूनच थर जितका जुना तितका गडद.

पंख्याच्या पात्याची जी कड हवेला आधी भिडते, तिथे थर सगळ्यात जाड असतो. मग हीटसिंकच्या फिन्सचे, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचे, पहिले काही मिलिमीटर. कपड्यांचे धागे, केस, धूळ तिथे अडकायला लागतात आणि काही महिन्यांत फिन्सच्या तोंडावर एक सलग पट्टी तयार होते. ती चिमट्याने एका टोकाला धरून उचलली तर तुकडे न पडता नमद्यासारखी अख्खी निघते, आणि तिच्या आतल्या बाजूला फिन्सच्या रेषा उमटलेल्या दिसतात. गंमत म्हणजे पट्टी निघाल्यावर मागचे फिन्स बऱ्याचदा नव्यासारखे चकचकीत असतात, कारण तिथवर काही पोचलेलंच नसतं. हवासुद्धा नाही.

यावरून एक गैरसमज दूर होतो. धुराचा थर उष्णता अडवतो म्हणून पीसी तापतो, असं सांगितलं जातं. थर इतका पातळ असतो की त्याने फारसा फरक पडत नाही; तो धूळ धरतो आणि हवेची वाट बंद होते, म्हणून पीसी तापतो. मदरबोर्डवरचा प्रत्येक चौरस सेंटीमीटर चकाचक करायच्या मागे लागू नका असं मी म्हणतो, ते याच कारणाने. जिथून हवा जाते तिथे जीव ओता, बाकी ठिकाणी हात राखून.

दुसरा त्रास ओलाव्याचा. हा थर आणि त्यात अडकलेली धूळ दमट हवेतलं पाणी धरून ठेवते. पायांना पाय लागून असलेल्या बारीक चिप्समध्ये त्यामुळे नको तिथून किंचित वीज वाहू शकते आणि कनेक्टरचे धातू हळूहळू खराब होतात. लक्षणं चक्रावून टाकणारी असतात. सकाळी पीसी सुरू होत नाही, तीन-चारदा बटण दाबल्यावर होतो आणि एकदा गरम झाला की दिवसभर नीट चालतो. यूएसबीचं एखादं तोंड मधूनच मरतं. रॅमची एक पट्टी कधी दिसते, कधी नाही.

हार्ड डिस्कबद्दल लोक उगाच घाबरतात. डिस्कची तबकडी आणि तिच्यावरून फिरणारं हेड यांच्यात काही नॅनोमीटरचंच अंतर असतं आणि धुराचा कण त्यामानाने अवाढव्य, हे खरं. पण साध्या हार्ड डिस्कचं हवेचं छिद्र आतून फिल्टर लावलेलं असतं, आणि हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात. धूर आत शिरून डिस्क मरते हे काही रोजचं दुखणं नाही. ते छिद्र ‘धूर जाऊ नये’ म्हणून टेप लावून बंद करणं मात्र नक्की घातक. आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवायला ते असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हा प्रश्नच येत नाही. डीव्हीडी ड्राइव्हचं उलट: लेन्सवर पातळ पापुद्रा बसला की ड्राइव्ह सीडी ओळखेनाशी होते, आणि धुराच्या खोलीत हे हमखास घडतं.

हाताशी काय असावं, काय नसावं

आयपीए ९९ टक्क्यांचं, नाहीतर निदान ९० च्या वरचं. ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणी असतं, ते सुकायला वेळ लागतो आणि डाग ठेवतं. नायट्राइलचे हातमोजे घ्या, कारण निकोटिन कातडीतून शरीरात जातं आणि वर्षानुवर्षांचा थर उघड्या हाताने चोळणं शहाणपणाचं नाही. धूळ उडवताना तोंडावर मास्क. मऊ केसांचा रंगाचा ब्रश, एक मऊ टूथब्रश, इअरबड, तंतू न सोडणारं कापड, भांड्यांचा साबण, डिस्टिल्ड वॉटर, थर्मल पेस्ट. ब्लोअरही लागेल, पण सुरुवातीलाच.

नेल पॉलिश रिमूव्हर आणि थिनर लांब ठेवा. ॲसिटोनने कॅबिनेटचं एबीएस प्लास्टिक विरघळतं. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण नको. डब्ल्यूडी-४० तर मुळीच नको: किटण सुटल्यासारखं वाटतं, पण मागे तेलाचा पापुद्रा राहतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नवा चिकटा लावून ठेवता.

काम उघड्यावर किंवा खिडक्या सताड उघडून करा. आयपीएची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ती केव्हाही पेटण्याजोगी असते. आणि हो, ओठात सिगारेट ठेवून हे काम करणारी माणसं असतात, म्हणून लिहायची वेळ आली.

आधी कोरडं, मग ओलं

वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचा कनेक्टर सर्वात आधी सोडवा. कुठली वायर कुठे होती याचे फोटो काढा. उघडताना सगळं लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

पहिल्यांदा सुटी धूळ जाऊ द्या. धूळ असतानाच आयपीए ओतलं तर चिखल होतो आणि तो चिप्सच्या खाली जाऊन बसतो. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने किंवा काडीने अडवून धरा, भणाणत फिरू देऊ नका. बेअरिंगची वाट लागते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. डब्यातली हवा वापरत असाल तर डबा सरळ धरा. उलटा धरला की हवेऐवजी बर्फगार द्रव बाहेर पडतो.

पट्टी जमलेली असेल तर तिला ब्लोअरने आत ढकलण्यापेक्षा पंखा काढून चिमट्याने बाहेर ओढणं केव्हाही चांगलं.

पंखे

पंखे काढून घ्या. आयपीएने ओलं केलेलं कापड बोटाला गुंडाळून प्रत्येक पातं दोन्ही बाजूंनी पुसा, विशेषतः पुढची कड. कापड पिवळं झालं की घडी बदला, नाहीतर एका पात्याचं किटण दुसऱ्याला लागतं. मधल्या गोल भागाकडे आयपीए वाहू देऊ नका, आतलं वंगण धुऊन निघतं. सगळी पाती सारखीच साफ करा. चार साफ आणि तीन तशीच ठेवली तर तोल जातो आणि पंखा थरथरतो. पुसल्यावरही खरखर येत असेल तर बेअरिंगमध्ये किटण गेलंय. तेलाचे थेंब सोडून तो वाचवायचे उद्योग मला पटत नाहीत, सरळ नवा पंखा लावा.

हीटसिंक

मनोऱ्यासारखा उभा मोठा कूलर (टॉवर कूलर) असेल तर तो जागेवर ठेवून साफ करायचा नाद सोडा. फिन्सच्या मधे ब्रश पोचत नाही. कूलर काढण्याआधी, त्याचा पंखा जागेवर असतानाच, पीसी पाच-दहा मिनिटं चालवून थोडा गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) हे फार महत्त्वाचं: थंड पेस्टवर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपसला जातो आणि खालच्या पिना वाकतात.

कूलरचा पंखा बाजूला काढा, नुसता धातूचा भाग कोमट-गरम साबणाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि टूथब्रशने फिन्सच्या दिशेनेच घासा. आडवा ब्रश मारला तर पातळ फिन्स वाकतात. पाण्याचा रंग बघून थक्क व्हाल. उरलेल्या डागांना आयपीए. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळून एक दिवस वाळू द्या. ओव्हन साफ करायची रसायनं किंवा कॉस्टिक असलेलं काही वापरू नका, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पंपाच्या लिक्विड कूलरचा रेडिएटर (पंख्यांना लागून असलेला जाळीचा भाग) मात्र बुडवायचा नाही. पंखे काढून ब्रश, आयपीएने ओलसर केलेलं कापड आणि थोडा धीर, एवढ्यावर तो निभावतो.

परत बसवताना जुनी पेस्ट दोन्हीकडून आयपीएने पूर्ण पुसून नवी लावा. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट बाद. त्यात काटकसर करू नका.

मदरबोर्ड: इथेच बहुतेकांचं चुकतं

बाटलीने आयपीए फवारायचं, ते उडून जाईल आणि सोबत घाण जाईल, अशी समजूत असते. उडून जातं ते आयपीए. त्यात विरघळलेलं डांबर कुठेही जात नाही. द्रव जिथवर वाहत गेला तिथे, म्हणजे बहुधा एखाद्या चिपखाली किंवा स्लॉटच्या तळाशी, ते वाळून बसतं. म्हणून बोर्डवर एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. ब्रश आयपीएत बुडवून झटका, हलक्या हाताने फिरवा आणि ओल आहे तोवरच कापडाने टिपून घ्या. पुसू नका, टिपा. पुसताना कापडाचे धागे चिप्सच्या पायांत अडकतात. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनांना काहीही लावू नका. सॉकेट झाकून ठेवा.

रॅमचे सोनेरी काठ आयपीएच्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा. खोडरबराने घासायची जुनी पद्धत अजून चालू आहे, आणि घासल्यावर रॅम चालते म्हणून तिच्यावर लोकांचा विश्वासही आहे. पण रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, शिवाय त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉटमध्ये ब्रश घालून कुरतडण्यापेक्षा पुसलेली रॅम चार-पाच वेळा आत-बाहेर करा, संपर्क आपोआप घासून निघतो.

बोर्डवर थोडी पिवळट छटा राहिली तर राहू द्या. दुरुस्तीच्या दुकानात अल्ट्रासॉनिक टब असतात, पण त्या कंपनांनी क्वार्ट्झ क्रिस्टलसारखे नाजूक भाग दुखावू शकतात. चालता बोर्ड नुसत्या रंगासाठी त्यात घालायला मी सांगणार नाही.

ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, लॅपटॉप

ग्राफिक्स कार्डाचे पंखे आणि वरचं प्लास्टिक बहुतेक मॉडेलमध्ये हीटसिंक न उचलता निघतं. तेवढंच काढून फिन्स साफ केले तरी बरंच काम होतं. हीटसिंक उचलायचाच असेल तर मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटतील हे धरून चाला आणि त्याच जाडीचे नवे आधी आणून ठेवा. जाडी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तर एकतर मेमरी तापते, नाहीतर मधली चिप हीटसिंकला टेकत नाही.

एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ शिल्लक राहू शकतो. बाहेरूनच, पंखा काडीने अडवून, ब्लोअर मारा. जाळीतून आत टॉर्च मारल्यावर पंख्याची पाती तपकिरी आणि केसाळ दिसत असतील, तर अख्खा एसएमपीएस बदलणं हाच उपाय. एवढ्या सगळ्या खटाटोपात पैसे खर्च करायची जागा कुठली असेल तर ती ही.

लॅपटॉपमध्ये किटणाची पट्टी पंखा आणि फिन्स यांच्या बरोबर मधे बसते. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारला की ती सुटून पंख्याकडे सरकते, तापमान उतरतं, आणि काही दिवसांत पंखाच तिला पुन्हा फिन्सवर नेऊन चिकटवतो. ‘परवाच तर साफ केला होता’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. मागचं झाकण आणि पंख्याचं कव्हर काढल्याशिवाय इलाज नाही. वॉरंटी असेल तर आधी नियम वाचा. सिगारेटचा धूर भरलेलं मशीन हाताळायला सर्व्हिस सेंटर कधी कधी नकार देतात. २००९ मध्ये ॲपलने अशी मॅक परत पाठवल्याच्या तक्रारी अमेरिकेत गाजल्या होत्या, आणि कारण सांगितलं गेलं होतं ते काम करणाऱ्यांच्या आरोग्याचं.

बाहेरचा पिवळेपणा आणि स्क्रीन

कॅबिनेट किंवा कीबोर्ड पिवळा पडलाय म्हणजे तो धुरानेच, असं नाही. जुन्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमिनची संयुगं घातलेली असत आणि असं प्लास्टिक उजेडाने, जुनं होताना, आतूनच पिवळं पडतं. कोपऱ्यात साबणाच्या पाण्याने घासून बघा. कापड पिवळं आणि प्लास्टिक पांढरं झालं तर धूर. कापड स्वच्छ आणि प्लास्टिक तसंच, तर घासून हात दुखवू नका. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाचे उपचार करतात, तो वेगळा विषय आहे.

स्क्रीनवर आयपीए नको. मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, फार तर त्यात साबणाचा एखादा थेंब. पहिल्या फटक्यात थर ओढला जाऊन पट्टे उमटतील. कापड बदलून पुन्हा पुसा, तिसऱ्या-चौथ्या वेळी निघतो. द्रव थेट स्क्रीनवर फवारू नका, तो खालच्या कडेतून आत झिरपतो. कॅबिनेटला ॲक्रिलिकची पारदर्शक बाजू असेल तर तिलाही हाच नियम, आयपीएने त्यात केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात.

साफ झाला, पण वास येतोच आहे

बंद पीसीला वास नसतो आणि अर्धा तास चालला की खोलीभर येतो, असं होत असेल तर गरम होणाऱ्या भागांवर थर शिल्लक आहे. निकोटिन आणि त्याच्यासोबतची बरीच रसायनं उष्णतेने पुन्हा हवेत सुटतात. आधी एसएमपीएसकडे संशय वळवा, मग ग्राफिक्स कार्डाकडे. स्पंजचे फिल्टर धुण्यापेक्षा फेकून द्या. नायलॉनची जाळी साबणाने धुऊन पूर्ण वाळवून लावली तर चालते. वायरींवरचं विणलेलं आवरण वास धरून ठेवतं, त्यावर काळ हेच औषध.

ओझोनची मशीन लावून वास घालवायचा सल्ला मिळेल. घेऊ नका. ओझोन रबर तडकवतो, फुप्फुसांना वाईट, आणि निकोटिनशी त्याची क्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात. सुगंधी स्प्रे आत मारणं म्हणजे किटणावर किटण.

पुन्हा होऊ नये म्हणून

खरा उपाय सांगायला सोपा आहे: त्या खोलीत धूर नको. तो होणार नसेल तर पीसी ओढणाऱ्यापासून लांब, जमिनीपासून वर ठेवा. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर कण पकडतो, वायुरूप निकोटिन आणि वास नाही; त्यासाठी त्यात सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. कॅबिनेटला आणखी बारीक जाळी लावून धूर अडवायचा प्रयत्न करू नका, धूर अडत नाही आणि हवा मात्र अडते.

किती महिन्यांनी साफ करायचं याला आकडा नाही. महिन्यातून एकदा पुढच्या पंख्याच्या पात्यावर इअरबड फिरवा. हलका पिवळा निघाला तर फक्त पंख्यांची पाती पुसा, दहा मिनिटांचं काम. इथे थर धरू दिला नाही की फिन्सवर पट्टी बनायलाही वेळ लागतो आणि सगळं उघडायची पाळी फार उशिरा येते.

जोडल्यावर चालूच झाला नाही तर

घाबरू नका, बहुधा काहीतरी बसवायचं राहिलंय. आयपीए पूर्ण वाळलं ना, हे बघा. स्लॉटच्या तळाशी ते अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकतं, शंका असेल तर रात्रभर थांबा. मग प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर केबल, जी कूलर काढताना सोडलेली असते आणि हमखास विसरली जाते. मग रॅम: एकच पट्टी लावून, दोन्ही कडांनी खटका ऐकू येईपर्यंत दाबा. पंखे फिरतात पण चित्र नाही, तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याची केबल. ‘सीपीयू फॅन एरर’ आला तर कूलरच्या पंख्याची वायर दुसऱ्याच पिनांवर गेली आहे. आणि सुरू होताच तापमान सेकंदांत चढायला लागलं, तर लगेच बंद करा, कूलर उचला आणि पेस्टचा ठसा बघा: एका बाजूला पसरलेली, दुसऱ्या बाजूला तशीच असेल तर स्क्रू एका कोपऱ्यात जास्त आवळला गेलाय. पेस्ट पुसून नवी लावा आणि या वेळी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळत जा.